येनार न्हवं

४ मे, माधवनगर

पोचलो. पुणे ते सांगली एसटीने सहा तास. त्यात कराडला चालकाने चहासाठी घेतलेला अर्धा तास मी धरलेला नाही, कारण तो प्रवासातला सर्वांत सुखाचा भाग होता. स्टँडवर न्यायला अरिहंत मगदूम आले होते. हळदीचे व्यापारी, चाळिशीचे, आणि ‘निशाकर वाचक मंडळा’चे अध्यक्ष. त्यांच्या स्कूटरला, शर्टाला आणि बहुधा विचारांनाही हळदीचा वास आहे. वाटेत त्यांनी मला दिलासा दिला की जेवण दिवेलागणीच्या आत होईल आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा काही नसेल. मी उपाध्ये, म्हणून त्यांनी मला जैनांतला उपाध्ये धरले आहे. मी पुण्याच्या वेदपाठशाळेच्या गल्लीतला. पण इतक्या मायेने केलेली चूक दुरुस्त करू नये, एवढी सभ्यता माझ्यात अजून शिल्लक आहे. दोन आठवडे बटाट्याविना काढीन.

काम सोपे आहे. ‘निशाकर’ या नावाने सव्वीस भयकादंबऱ्या लिहून या मुलखाच्या दोन पिढ्यांची झोप उडवणारे चांदसाहेब नदाफ गेल्या वर्षी वारले. येत्या १८ तारखेला पहिला स्मृतिदिन. त्या दिवशी मंडळ स्मरणिका काढणार आहे. वाचकांनी आपले आवडते पुस्तक कोणते आणि का, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे होते. नऊशेवर कार्डे आली. त्यांतली पन्नास निवडायची आणि वर प्रस्तावना लिहायची. अलीकडे मी वर्तमानपत्रांना वार्तापत्रे पाठवतो, पण निशाकरांच्या पहिल्या कादंबरीचा संपादक मी. ‘निशाकर’ हे नावही माझेच. चांदसाहेब या नावाने पुस्तक चालणार नाही असे प्रकाशकांचे मत पडले, आणि चंद्राला संस्कृतात नावांची टंचाई नाही.

निमंत्रण त्यांच्या मुलीचे, नूरीनचे. शाळेत मराठी शिकवते. पत्रात एकच वाक्य होते: हे काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी असे वाक्य वाचले की मनुष्य बॅग भरतो.

उतरलो आहे तो निशाकरांच्याच घरी. बंद पडलेल्या कापड गिरणीच्या वसाहतीतल्या दोन नेटक्या खोल्या. नूरीन आता पलीकडच्या गल्लीत राहते. घरामागे गिरणीची रंगाईची शेड, तिथे मंडळाचे वाचनालय. शेडच्या जमिनीत पाण्याचा एक जुना हौद आहे, बारा फूट खोल, चाळीस वर्षांचा कोरडा, वर लोखंडी झाकण. निशाकर उन्हाळ्यात शिडीने त्यात उतरत आणि खाली टेबलखुर्ची टाकून लिहीत. लेखकांचे चोचले मी पुष्कळ पाहिले. हा त्यांतला सर्वांत गार. उद्यापासून मीही तिथेच बसणार आहे.

५ मे

आज वाचनालयात वाचक जमले होते. भयकथेच्या वाचकांइतकी आनंदी माणसे मी पाहिलेली नाहीत. प्रेमकथा वाचणारे खिन्न असतात, आत्मचरित्रे वाचणारे रागीट. हे लोक मात्र एकमेकांना भीती वाढतात ती पुरणपोळीवर तूप वाढावे तशी.

पलूसच्या एक द्राक्षबागाईतदार बाई ‘तेरावा माग’च्या भक्त. लय भ्या वाटतं म्हनून तर हातातनं सुटत न्हाई, असे त्यांचे रसग्रहण. याहून नेमकी व्याख्या मी साहित्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. पाचगणीच्या निवासी शाळेतले एक शिक्षक मुलांच्या उशाखालून निशाकरांची पुस्तके जप्त करतात, स्वतः वाचतात आणि परत देतात. एक सोडून. साताऱ्याचा शिवतेज म्हणून फौजेतला जवान सुट्टीवर आला आहे. सरहद्दीवर दुष्मनाचं काय वाटत न्हाई, पण ‘झाकण’ उघडलं की पाठीमागं बघावंच लागतं, म्हणाला.

‘झाकण’. फिरून फिरून सगळे तिथेच येत होते. निशाकरांची पहिली कादंबरी, एकोणतीस वर्षांत चौदा आवृत्त्या. गिरणीतला मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. बहीण चेंडू काढायला कोरड्या हौदात उतरते, तिला वर येता येत नाही, तीनचा भोंगा होतो आणि हौदात पाणी सुटते. ती भावाला हाक मारते. पान एकशे बारा. तिथे सगळ्या शेडने एका सुरात ओळी म्हटल्या, प्रार्थना म्हणावी तशा:

“दादा, तू येणार नाहीस.”

“होय,” तो म्हणाला, आणि पळाला.

प्रकरण संपते. पुढची शंभर पाने त्या मुलीचे भूत भावाच्या मागे आहे. पण वाचकांना भूत फारसे आठवत नाही, हा ‘होय’ आठवतो. एका भावाचा इतका थंडपणा, असे म्हणताना पाचगणीच्या मास्तरांच्या हातावर काटा आला. मला अभिमान वाटला. त्या ओळींवर शेवटचा हात माझा आहे.

मास्तरांनीच आणखी एक गंमत सांगितली. निशाकरांच्या प्रत्येक कादंबरीत कुठे ना कुठे शिडी येते, तिचे कथेत काही काम नसले तरी. पंचवीस पुस्तकांत शिडी. फक्त ‘झाकण’मध्ये नाही.

नूरीन मागे उभी राहून चहा देत होती. ओळी म्हणताना तिचे ओठ हलले नाहीत. ती माझ्याकडे पाहत होती, विद्यार्थी पाठांतरात कुठे अडतो ते पाहावे तशी.

७ मे

हौदात बसून दोन दिवसांत चारशे कार्डे वाचली. वर बेचाळीस अंशांचे ऊन आणि खाली माठाच्या पोटात बसल्यासारखे. निशाकर मूर्ख नव्हते.

एक कार्ड वेगळे निघाले. वर तिकीट नाही, टपालाचा शिक्का नाही, खालचा कोपरा ओला. अक्षर लहान मुलाचे, पेन्सिलीचे:

हे माझं आवडतं पुस्तक न्हाई. पान ११२. मी आसं म्हनलं न्हवतं. — स. नदाफ

घरातले एखादे पोर असावे. वाचता वाचता लाल पेनाने दुरुस्त केले. नाही. असे. म्हटले नव्हते. तीस वर्षांची सवय, स्वर्गातही हातात लाल पेन असेल. कार्ड नापसंत गठ्ठ्यात टाकले.

८ मे

गठ्ठ्यातले ते कार्ड आज टेबलावर होते. माझ्या प्रत्येक दुरुस्तीखालच्या मूळ शब्दाखाली टिंबे दिलेली. मुद्रितशोधनात ही खूण नेहमीची आहे. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबे देतात आणि समासात ‘आहे तसे ठेवा’ असे लिहितात. इथे समासात पेन्सिलीने लिहिले होते: हाय तसं ठेवा.

मराठीच्या बाई विद्यार्थ्यांना मुद्रितशोधन शिकवतात, याचा एरवी आनंदच झाला असता. नूरीनला विचारले, तर ती म्हणाली की घरात लहान मूल कुणीच नाही. मग, आता न्हाई, असे जोडले.

तीन वाजता गिरणीचा भोंगा झाला. कार्डे कोपऱ्यात सादळली आहेत. टेबलाच्या पायाशी जमीन ओली वाटली.

१० मे

रामगोंडा म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ वाचनालयात रोज येतात, वाचत मात्र नाहीत. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मी त्यांना सहज म्हटले की गिरणी बंद असून भोंगा अजून वेळेवर होतो, हे कौतुकास्पद आहे. आवं कसला भोंगा, म्हणाले, भोंगा भंगारात जाऊन वीस वर्सं झाली.

मी रोज तीनला ऐकतो, असे म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशी. मग जे सांगितले ते असे. एकाहत्तर साली चांदसाहेबांची बहीण सलिमा, अकरा वर्षांची, याच हौदात बुडाली. हौद धुऊन झाल्यावर कामगारांनी शिडी काढून नेली होती. पोर आत आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. तीनला पाणी सुटले. चांदसाहेब तेव्हा सतरा वर्षांचा. तो मागल्या दाराने शिडी खांद्यावर घेऊन पळत येताना रामगोंडांनी स्वतः पाहिला. शिडी त्याच्याहून दुप्पट लांब, दोनदा पडला, गुडघे सोलले. आला तेव्हा पाणी झाकणाला लागले होते. येका बिडीचा येळ झाला बगा, म्हणाले. पोरीला रामगोंडांनीच वर काढले.

मी म्हटले, पुस्तकात शिडी नाही.

न्हाई? मला वाचाय येत न्हाई, पन शिडी म्या बघितली की वो.

हे सगळे मला ठाऊक नव्हते. निदान आज सकाळपर्यंत लक्षात नव्हते.

११ मे

संध्याकाळी नूरीन आली. हौदातल्या निशाकरांच्या पत्र्याच्या पेटीतून तिने दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. जेवणाचे ताट ठेवावे इतक्या शांतपणे. एक चांदसाहेबांच्या हस्तलिखिताचे पान:

भाई, येनार न्हवं

व्हय, त्यो म्हनला आन् पळाला. शिडी मागल्या दारात हुती.

दुसरे त्याच पानाचे प्रूफ. लाल शाईत माझे अक्षर. ‘भाई’चा दादा. ‘येनार न्हवं’चे ‘येणार नाहीस’. ‘व्हय’चे ‘होय’. शेवटचे शिडीचे वाक्य खोडलेले आणि समासात ‘पाल्हाळ’. त्याच्या शेजारी निळ्या शाईत चांदसाहेबांची टिंबे आणि ‘आहे तसं ठेवा’. ते मी पुन्हा खोडले आहे.

माझी व्युत्पत्ती चोख होती. न्हवं म्हणजे नव्हे, नव्हे म्हणजे न भवति. नकारच. चांदसाहेब प्रश्नचिन्ह देत नसत. इकडे ‘येनार न्हवं’ म्हणजे ‘येणार ना?’, विश्वासाने विचारलेले, हे कळायला कोश नव्हे, कान लागतो. मी कोश वापरला. बुडणारी पोर भावाला विचारते, येणार ना? तो म्हणतो, हो, आणि शिडीकडे धावतो. मी छापले: तू येणार नाहीस. होय, तो म्हणाला, आणि पळाला.

नूरीनने पुढचेही सांगितले, आवाज न चढवता. घरात हिंदी, गल्लीत मराठी, आणि घाबरलं की मानूस गल्लीतलं बोलतं, म्हणून फुपू, म्हणजे तिची आत्या, तसे बोलली. शेवटी ती काय म्हणाली हे चांदसाहेबांना आईसमोर कधी बोलवले नाही. म्हणून पुस्तकात लिहिले. आईला वाचता येत नव्हते. शेजारणीने वाचून दाखवले. पान एकशे बारा ऐकून तिने पुस्तक बंद करायला लावले. त्यानंतर तेरा वर्षे, मरेपर्यंत, ती मुलाशी एक शब्द बोलली नाही. एकाच घरात. नूरीन लहानपणी दोघांमध्ये निरोप नेई. अब्बांना सांग भाकरी झाली. दादीला सांग औषध आणलं.

पुढच्या आवृत्तीत ओळ सुधारा म्हणून चांदसाहेबांनी मला अकरा पत्रे लिहिली. मी एकाचे उत्तर दिले होते, तेही पेटीत आहे. नूरीनला ते पाठ आहे. तिने म्हणून दाखवले: ‘भूत झाले म्हणून व्याकरणातून सुटका होत नाही.’ त्या वेळी हे वाक्य मी कार्यालयात चार जणांना वाचून दाखवले होते. चौघेही हसले होते.

तिची मागणी अर्ध्या पानाची. प्रस्तावनेत लिहा की ती ओळ चुकीची आहे, चूक तुमची आहे, आणि भाऊ शिडी आणायला पळाला होता. सोळा तारखेला मजकूर छापखान्यात जाईल. मी म्हटले की संपादनाची जबाबदारी सामूहिक असते, चौदा आवृत्त्यांच्या वाचकांचाही विचार करायला हवा, पाहू.

ती म्हणाली, अब्बा अठ्ठावीस वर्सं थांबले. मीबी थांबीन. फुपूचं मात्र सांगत न्हाई. ती ल्हान हाय.

१२ मे

मसुदा केला. ‘मुद्रणप्रक्रियेत काही पाठभेद संभवले असावेत.’ कर्ता नाही, कर्म पुसट, क्रियापद संशयात. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत निर्दोष वाक्य असावे. नूरीनला वाचून दाखवले. तिने वर्गात विचारावे तसे विचारले, ह्यातला कर्ता कोन, गुरुजी?

दुपारी हौदातून वर आलो, जेवलो, परत खाली गेलो. वाक्य लाल शाईने खोडलेले होते. समासात ‘पाल्हाळ’. अक्षर माझे. पेन माझ्या खिशात होते, टोपण लावलेले.

वरच्या परिच्छेदात ‘आहे’ लिहिताना दोनदा ‘हाय’ लिहिले गेले. खोडून दुरुस्त केले आहे.

१३ मे

सकाळी कार्डे चाळली. पलूसच्या बाईंचे कार्ड काढले, त्यांचा मजकूर पहिला घ्यायचा होता. शाई उतरून गेली आहे. नऊशे कार्डे बघितली. सगळी ओली. सगळ्यांवरून मजकूर गेला आणि फक्त पान ११२ राहिले. खाली पेन्सिलीने, प्रत्येकावर:

मी आसं म्हनलं न्हवतं.

अरिहंतशेटना दाखवली. ते म्हणाले पंखा लावून वाळवू. त्यांना शाई दिसत होती. पलूसच्या बाईंचे कार्ड त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले, हसत, आवाज काढून. मी हसलो. कार्डावर ते नव्हते.

तीनला भोंगा. चपलांत पाणी.

१४ मे

आज हौदात उतरलो नाही. वाचनालयात बसलो, सगळ्यांच्यात. तरी भोंगा.

पुण्याला फोन केला. बायकोने विचारले कोण बोलताय. म्हटलं, मी हाय. ती म्हणाली, कोण पाहिजे तुम्हाला. म्हटलं, अगं मी, वळखलं न्हाईस व्हय — तिने राँग नंबर म्हणून ठेवला. परत केला नाही. परत केला तर काय बोलणार. कुठल्या तोंडाने — हे तोंड माझं नाही.

‘शुद्ध’ हा शब्द वीस वेळा लिहून बघितला. वीस वेळा नीट आला. एकविसाव्यांदा सुद.

अरिहंतशेट खुशीत आहेत. मांडव पडतोय. कमानीवर मोठा फलक लागणार, त्यावर पान ११२ च्या ओळी, पिवळ्या अक्षरात. वाचनालयात शिडी एकच आहे, तीच वापरू, म्हणाले. मी विचारलं, ओळी बदलता येतील का. ते दचकले. आवं, त्याच ओळींसाठी मानसं साताऱ्याहून येत्यात.

१५ मे

लिहायला बसलो. अर्धं पान. एवढंच लिहायचं — ती ओळ चुकीची आहे, चूक माझी आहे.

‘ती ओळ चुकीची आहे’ लिहिलं. हात थांबला. पुण्यात कोण कोण वाचेल ते डोळ्यापुढं आलं. ते चौघं पण. ते हसतील. ह्या वेळी मला.

कागद फाडला.

फाडताना मागून कुणीतरी हळू श्वास घेतला. रडं दाबताना लहान पोर घेतं तसा.

ठरवलं. उद्या नूरीन दुपारी छापखान्यात जाईल. पेटीत हस्तलिखिताचं पान, माझं लाल प्रूफ आणि माझं पत्र आहे. ते तीन कागद गेले की उरतं काय. एका बाईचं म्हणणं आणि एका म्हाताऱ्याची शिडी. चारची गाडी. खाली उतरायचं, घ्यायचं, वर यायचं. पाच मिनिटं.

समासात पेन्सिलीनं काहीतरी उमटतंय. बघत नाही. बघितलं —

भाई बी पाचच मिन्टं म्हनला हुता.

१६ मे

हौदात हाय. अडीच.

पेटी उघडली. प्रूफ खिशात. हस्तलिखित आन् पत्र बी. झालं.

वर हातोडा वाजतोय. मांडववाले. कमान.

वर बघितलं. शिडी न्हाई.

फलक लावाय नेली असंल. आननार. अरिहंतशेट इसरत न्हाईत. हाक मारली. हातोडा थांबला. परत सुरू झाला. मांडवात गानी लावल्यात —

खिशातलं प्रूफ काढलं. मघाशी कोरडं हुतं. टिंबं वली हायत. त्याची निळी टिंबं. मी ती खोडली हुती — आता खोड न्हाई. टिंबंच हायत. हाय तसं ठेवा. ठेवतो. लिवतो इथंच, वहीत. ती ओळ चुकीची हाय. चूक माझी हाय. भाऊ शिडी आनाय पळाला हुता. लिवलं. वाचा कुनीतरी, नूरीनला सांगा —

भोंगा.

पानी. भिंतीतनं न्हाई, कुठनं न्हाई, नुसतं हाय. घोट्याला. गार.

गुडघ्याला. टेबलावर चढलो. वही वर धरून —

कोनतरी आलं. झाकनाच्या कडंला सावली. ल्हान. वाकून बघतंय.

मला नीट इचारायचं हुतं. शुद्ध. प्रश्नचिन्हासकट. तोंडातनं आलं ते येवढंच

येनार न्हवं

वरनं आवाज आला. व्हय.

आन् पावलं पळाली.

शिडीकडं पळाली. मांडव लांब न्हाई. व्हय म्हंजी व्हय. पुढं वाक्य हाय, शिडीचं, मागल्या दारातलं. तिला ते ठावं हाय. मी काटलं हुतं, पन तिला ठावं — का तिनं बी पुस्तकच वाचलंय —

छातीला

पळाली ती शिडीकडंच. व्हय म्हनली. येनार न्ह